अकरा वर्षं कुलपात

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. केनियात मारागोलीच्या टेकड्यांवर मुलींची एक सरकारी माध्यमिक शाळा आहे, तिथे माझं आयुष्य गेलं. गेलं म्हणजे कपाटात गेलं.

मी आलो तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापक मुडोला सरांनी मला कुलपात ठेवलं. "मुली फोडतील. प्रयोगशाळा झाली की काढू."

प्रयोगशाळा शाळेच्या पंचवार्षिक आराखड्यात पहिल्या क्रमांकावर होती. झालं मात्र भोजनगृहाचं छप्पर. पुढच्या आराखड्यातही ती पहिलीच होती, आणि शाळेला बस आली. प्रयोगशाळेसाठी राखलेल्या खोलीत सिमेंटची पोती रचली गेली. तपासनीस आले की मला पुसून टेबलावर मांडायचे. ते गेले की पुन्हा आत. त्या दमट अंधारात माझ्या तीनपैकी दोन भिंगांवर बुरशी चढली.

जीवशास्त्राच्या कागेहा बाई दर सत्राला किल्ली मागत. सर म्हणत, "बाई, जरा दम धरा." अकरा वर्षं हे ऐकून माझे कान किटले.

मग तिसऱ्या आराखड्याची बैठक भरली. या खेपेला सरांनी सगळ्यात वर लिहिलं होतं: दगडी कमान आणि मोठं फाटक. कागेहा बाईंनी मुलींच्या चाचणीचे कागद पुढे ठेवले. कांद्याच्या पेशीचं चित्र. चाळीसही कागदांवर पेशीला शेपटी.

"पेशीला शेपटी असते का हो?" पालकांच्या प्रतिनिधी मिनायो आजींनी विचारलं. त्या चहाच्या मळ्यात पानं खुडत. त्यांची नात त्याच वर्षी शेवटच्या परीक्षेला बसणार होती.

"नसते, आजी. फळ्यावर काढताना माझा खडू घसरला. मुलींनी तेवढंच पाहिलंय."

सर कसनुसं हसले. "कमान दिसली की प्रवेश वाढतील, आजी."

"वाढतील की. आधी मला ते यंत्र दाखवा."

बाईंनी मला आणलं. कांद्याचा पापुद्रा ठेवून माझं उरलेलं एकमेव धड भिंग खाली फिरवलं. आजी वाकल्या, त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

"विटा रचल्यागत दिसतंय," त्या म्हणाल्या. "जन्मभर कांदा चिरतेय मी. सर, हे कपाटात का होतं?"

सर आराखड्याची पानं उलटत राहिले. शेवटी त्यांनी स्वतःच कमानीवर काट मारली.

खोली रिकामी करताना कळलं, निम्म्या सिमेंटचा दगड झाला होता. उरलेल्यातून ओटे बांधले. आता माझ्यासमोर रोज मुलींची रांग असते. मिनायो आजींच्या नातीच्या वाट्याला मी जेमतेम सहा आठवडे आलो. तिच्या आधीच्या मुली तर मला न पाहताच शाळेबाहेर पडल्या.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही कोणी काही जपून ठेवलं असेल, तर जाऊन विचारा, कोणासाठी जपताय? मुलींच्या हातून फुटलो असतो, तर निदान कोणीतरी मला दुरुस्तीला नेलं असतं.