ओट्यावरची नवी भट्टी

टोस्टर ओव्हन घ्यावा की नको, यावर त्या घरात तीन आठवडे खल चालला होता. खल म्हणजे काय, तर बाप आणि लेक फोनवर हुज्जत घालत होते. जिच्या स्वयंपाकघरात तो यायचा होता तिला कोणी विचारलंच नव्हतं.

बापाला सगळे काटेवाले म्हणत. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. माणूस नाकासमोर चालणारा, गुंजभर इकडे नाही की तिकडे नाही. त्यांची बायको एका मोठ्या दवाखान्याच्या भटारखान्यात मुख्य स्वयंपाकीण होती. रोज दोनशे रोग्यांचं अन्न तिच्या नजरेखालून जायचं. निवृत्त झाल्यावर "आता काय, दोघांची भातुकली," असं म्हणायची आणि तरी सहा माणसांचं रांधून ठेवायची. उरलेलं खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईकडे जायचं.

मग ती विसरायला लागली. आधी माणसांची नावं, मग वार, मग मीठ घातलं की नाही ते. काटेवाल्यांनी बरेच दिवस काणाडोळा केला. खारट झालं तर पाणी पिऊन गिळायचं, अळणी झालं तर गपचूप वरून मीठ घ्यायचं. पण एका दुपारी ते औषधं आणायला गेले असताना तिने गॅस सुरू केला आणि पेटवायचं विसरली. शिंपीणबाई वासाने धावत वर आली म्हणून निभावलं. ती खिडक्या उघडत सुटली होती आणि ही ओट्यापाशी उभी राहून शांतपणे बटाटे सोलत होती.

"बाबा, आधी ती शेगडी काढा," लेक फोनवर म्हणाली. ती दूरच्या शहरात नोकरीला होती. वर्षातून दोनदा यायची. "टोस्टर ओव्हन घ्या. वेळ लावली की आपोआप बंद होतो."

"अगं, पाव भाजायला तवा आहे आपल्याकडे. आणि ओटा हा एवढा हातभर. त्यावर हा हत्ती बांधू कुठे?"

"शेगडी गेली की होईल ना जागा."

"आणि तुझी आई काय करेल?"

"त्यातच करेल. बटाटे भाजेल, भाज्या भाजेल, केक करेल. सोपं असतं हो, तीन बटणं फिरवायची." मग ती म्हणाली, "बाबा, मला झोप लागत नाही. फोन वाजला की काळजात धस्स होतं."

दुसऱ्या दिवशी काटेवाले दुकानात गेले.

दुकानातला पोऱ्या पोपटासारखा बोलत होता. वरची सळई, खालची सळई, दोन्ही सळया, जाळी, ट्रे, शिवाय चुरा पडायला वेगळी ताटली. काटेवाल्यांनी एकच विचारलं, "चालू ठेवून माणूस विसरलं तर?"

"काही होत नाही काका. या वयात विसरायला होतंच," पोऱ्या हसून म्हणाला. त्याला वाटलं, ते स्वतःबद्दलच विचारताहेत. काटेवाल्यांनी तसंच वाटू दिलं.

गॅसवाला शेगडी आणि सिलिंडर काढायला आला, तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती.

"धुवायला नेताय का?" तिने विचारलं.

"हो," काटेवाले म्हणाले. आयुष्यात कधी कोणाला खोटं वजन न दिलेल्या माणसाने दिवसाढवळ्या हे पहिलं माप मारलं. शेगडी त्यांनी शिंपीणबाईच्या माळ्यावर ठेवली.

शिकवण्यात मात्र त्यांनी कसर ठेवली नाही. काट्यांच्या तबकडीवर खुणा करायचा बारीक ब्रश त्यांच्याकडे होता. त्याने बटणांवर लाल रंगाचे ठिपके काढले. पावाला एक ठिपका, बटाट्याला दोन. तिला शेजारी उभं करून रोज सकाळी धडा. ओव्हन यंत्र म्हणून अगदी नेकीचा निघाला. पाव असा भाजायचा की तव्यावर जन्मात भाजला नसता. काटेवाल्यांना मनातून तो आवडलासुद्धा, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

ती वाकून काचेतून बघायची. "यात जाळ कुठाय?"

"जाळ नसतो. त्या सळया तापतात."

"जाळ नाही तर मला कळणार कसं?"

"घंटा वाजेल ना."

ती मान डोलवायची. ते वळले की झटकन बटण उलटं फिरवून बटाटे बाहेर काढायची. कच्चे, दगडासारखे. भटारखान्यात सव्वीस वर्षं तिने स्वयंपाक जाळ बघून, वास घेऊन, पातेल्याचा आवाज ऐकून केला होता. घंटेची वाट बघत बसणं तिच्या गावीही नव्हतं. आठव्या दिवशी तिने काचेच्या दारावर आख्खा तळहात टेकवला. तिला वाटलं, कपाट आहे. काटेवाल्यांनी तिचा हात नळाखाली धरला. ती लहान मुलासारखी रडली. पाणी वाहत राहिलं आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "चुकलं गं माझं, चुकलं."

हात बरा झाला. पण त्यानंतर ती ओव्हनच्या वाटेला गेली नाही. ती कांदा चिरायची. तो मात्र अजून झकास, कागदासारखा पातळ. चिरून झाला की डावा हात पुढे जायचा, जिथे शेगडीचं बटण असायचं तिथे. तिथे काहीच नसायचं. हात तसाच हवेत राहायचा. मग ती इकडेतिकडे बघून कांदा पुन्हा टोपलीत भरून ठेवायची.

हे त्यांनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी ती स्वयंपाकघरात आलीच नाही. नीट साडी नेसून, केस विंचरून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिली.

"काय गं, इथे का बसलीस?"

तिने आवाज खाली आणला. "खरं सांगा, मला कामावरून काढलं का?"

"नाही गं. कोण काढेल तुला?"

"मग माझी शेगडी का नेली? माझ्या हातून काही बिघडलं का? कोणाला बाधलं का काही?"

"कोणाला काही बाधलं नाही. तू... तू रजेवर आहेस."

"किती दिवस?"

त्यांना आकडा सुचला नाही. उभ्या आयुष्यात त्यांना आकडा कधी अडला नव्हता.

त्याच दुपारी त्यांनी लेकीला फोन लावला. "शेगडी परत आणतोय. मी शेजारी उभा राहीन, एक क्षण हलणार नाही."

"बाबा, तुम्ही अंघोळीला जाल, तुम्हाला डुलकी लागेल. मग?"

"तिला वाटतंय, तिला काढून टाकलंय."

शेवटी लेक म्हणाली, "आणा. मला नका विचारू."

शिंपीणबाई आणि ते, दोघांनी मिळून शेगडी वर आणली. गॅसवाला येऊन सगळं जोडून गेला. ओव्हन जमिनीवर ठेवून त्यांनी ओटा लख्ख पुसला, शेगडी तिच्या जुन्या जागी बसवली, कांदे-बटाटे मांडले आणि तिला हाताला धरून आत नेलं.

"बघ, आली परत. धुऊन आली."

तिने शेगडीकडे पाहिलं. भांड्यांकडे पाहिलं. पदर सावरून ती दोन पावलं मागे सरली. "कोणाची आहे ही?"

"तुझी."

"छे, माझी नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात नसतो लावायचा." आणि ती बाहेर जाऊन खुर्चीवर बसली.

त्यांनी सात दिवस रोज प्रयत्न केला. तिच्यासमोर जाळ पेटवला, तेलात कांदा टाकला, वास घरभर गेला. ती जागची हलली नाही. महिनाभरच तर शेगडी घरात नव्हती! डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शिंपीणबाईही तेच म्हणाली. काटेवाल्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. आज आणि उद्या यांत फरक असतो, हे ते कोणाशी बोलले नाहीत.

शेगडी पुन्हा गेली. या वेळी शिंपीणबाईने तिच्या भावजयीसाठी मागितली आणि त्यांनी देऊन टाकली. ओव्हन ओट्यावर आला. सत्तरी ओलांडलेल्या काटेवाल्यांना साधं अंडं उकडता येत नव्हतं, ते आता त्यात बटाटे भाजू लागले, गाजरं भाजू लागले. चव यथातथाच, पण कच्चं काही राहायचं नाही. लेक सुट्टीवर आली, तिने दोन वेळा केक केला, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि गेली.

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी भाजलेले बटाटे आणि पाव ताटात घालून बायकोपुढे ठेवले. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, परक्या घरी बसावं तशी.

"कशाला एवढा त्रास घेतलात?" ती म्हणाली. "तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?"

"मीच करतो."

"आणि मंडळी?"

काटेवाल्यांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्यासमोर बसले. "आहे. तिला बरं नसतं."

तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. खरीखुरी. तिने ताट दोन्ही हातांनी त्यांच्याकडे सरकवलं. "मग आधी तिला वाढा की. आजारी माणसाला थांबवून आपण खायचं नसतं."

"तू... तुम्ही खा. तिचं वेगळं ठेवलंय."

"नाही, नाही. आधी तिला."

त्यांनी बरंच समजावलं, पण ती हटून बसली; घास म्हणून उचलेना. शेवटी काटेवाले ताट घेऊन उठले, आत गेले आणि ओट्याशी उभे राहिले. शिंपीणबाईच्या मशीनचा आवाज खालून येत होता. बटाट्यांची वाफ विरून गेली. तरी ते थोडा वेळ तसेच थांबले, कारण आजारी माणसाला जेवायला तेवढा वेळ लागतोच. मग तेच ताट घेऊन बाहेर आले.

"जेवल्या का?" तिने विचारलं.

"हो, जेवली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि थंड झालेला बटाटा मोडून खाऊ लागली.