गोळी खाली मिळते

लेक तापाने गेली आणि दिलसरी वहिनी बोलायची थांबली. आधी चूल विसरली, मग आम्हाला. पहाटे उठून लेकीला हाका मारत जंगलाकडे निघायची. माझा भाऊ मानबीर तिला पाठीवर घेऊन परत आणायचा.

गावातल्या मांत्रिकाने, झाँक्रीने, ढोल वाजवला, कोंबडा कापला. काही फरक पडला नाही. आरोग्य चौकीतली नर्स म्हणाली, "दादा, हा मनाचा आजार आहे. याचा डॉक्टर खाली नेपाळगंजला."

"वेड्यांचा डॉक्टर?" आई कडाडली. "घरात लग्नाची पोर आहे अजून."

ती पोर म्हणजे मी. "नाही झालं लग्न तर नाही," मी म्हणाले. "वहिनीला घेऊन जा, दादा."

दोघं डोंगर उतरून बसने गेले, गोळ्या घेऊन आले. नाचणीची लावणी चालली होती, तेव्हा वहिनी माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "जुरेली, तुझी ओळ वाकडी चाललीय." चिखलाच्या हातांनीच मी डोळे पुसले.

पुढे दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि गोळ्या संपल्या. "ही गोळी आमच्याकडे येतच नाही," नर्स म्हणाली. रस्ता मोकळा होईपर्यंत वहिनी पुन्हा जंगलाकडे धावू लागली होती. मानबीरने मेंढ्या काकांच्या हवाली केल्या आणि तिला घेऊन तो खालीच राहायला गेला. आता गोदामात पोती उचलतो.

माघात मी भेटायला गेले. पत्र्याची खोली, डासांचा सुकाळ. वहिनीने नाचणीच्या पिठाचा गरम ढिंडो वाढला.

"किती वाळलीस गं. माझ्या सासूबाई तुला उपाशी ठेवतात का?"

ती बरी झाली होती. मी म्हणाले, "चल ना घरी."

"आजारी होते तेव्हा कशाची आठवण यायची नाही," ती म्हणाली. "आता सगळं आठवतं. डोंगर, मेंढ्या. पोरसुद्धा."

बाहेर भांडी घासता घासता मानबीर म्हणाला, "गोळी गावात यायला लागली की जाऊच."

"रोज हेच सांगतो," वहिनी हसली.

निघताना तिने एवढंच मागितलं: लेकीला जिथं पुरलं, तिथलं गवत काढ.

घरी पोचल्यावर मी ते काढलं आणि तिथूनच फोन लावला. "काढलं गं वहिनी," मी म्हणाले. ती म्हणाली, "वारा ऐकू येतोय. तसाच धर थोडा वेळ."

हात भरून येईपर्यंत मी फोन उंच धरून उभी राहिले.