पंच क्रमांक दोन

सावित्रीबाईंना अक्षर कळायला लागलं ते छप्पन्नाव्या वर्षी, महापालिकेच्या शाळेत भरणाऱ्या बायकांच्या वर्गात. त्याआधी त्यांची सही म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. लहानपणी गवत कापताना त्यावर विळा बसला होता, तेव्हापासून अंगठ्यावर तिरका व्रण होता. शाईत बुडवून कागदावर टेकवला की मधून पांढरी रेघ उमटायची.

आता त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. पिंपळे सौदागरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. सून योगिनी घरूनच काम करायची, आणि काम असं की ऐकणारा हसायचा. इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांच्या चर्चमधल्या दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या नोंदवह्यांचे फोटो तिच्याकडे यायचे. कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोणाचं लग्न, कोणाला कधी पुरलं, सगळं ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. तिकडच्या लोकांना आपले पूर्वज शोधायचे असतात.

दुपारी भांडी आवरली की सावित्रीबाई तिच्याशेजारी येऊन बसत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण खुणा कळत होत्या. लग्नाच्या नोंदीखाली नवरा, नवरी आणि साक्षीदार सह्या करत. लिहिता न येणारा फुली मारायचा, आणि त्या फुलीशेजारी पाद्री त्याचं नाव लिहायचा.

"ही हॅना," योगिनी म्हणाली. "शेतमजुराची बायको. हिचं माहेर सापडत नाहीये."

"मग कसं गावायचं?"

"मधली नोंद सगळेच वाचतात, आई. आम्हाला शिकवलंय, खालचे साक्षीदार आधी बघायचे. साक्षीला घरचीच माणसं उभी असतात."

योगिनी पानं पुढे सरकवत राहिली. सावित्रीबाईंनी मधेच तिचा हात धरला. "थांब. ही फुली मघाच्याच बाईची. एक पाय मोडलाय बघ."

दुसऱ्या एका मुलीच्या लग्नाला हॅना साक्षीदार होती. पुढे आडनावावरून कळलं, ती मुलगी हॅनाची बहीण. योगिनी म्हणाली, "आई, तुम्हाला कंपनीनं पगार द्यायला पाहिजे." सावित्रीबाई हसल्या नाहीत. त्या फुलीकडेच बघत होत्या.

"मजुराची बाई. दोनशे वरसं झाली मरून," त्या म्हणाल्या. "तिचंबी माहेर गावलं. माझं कागदावर हाय का गं?"

योगिनीनं मोबाइलवर चाकणजवळच्या त्यांच्या गावचा सातबारा काढला. वडिलांच्या जमिनीवर एकच नाव होतं, धाकटा भाऊ उद्धव. त्याखाली नवी नोंद प्रलंबित होती. जमीन गोदामवाल्याला चालली होती. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती, त्यातले नऊ गेले होते.

तिथं आपलं नाव नाही, हे सावित्रीबाईंना नवं नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हापासून उद्धवच सांगत आला होता, "आक्का, तलाठ्यानं तुझं नाव गाळलं. सरकारी चूक. मी काय करनार?" त्यांनी ते खरं मानलं होतं. ज्याला कडेवर घेऊन त्या पाणी भरत होत्या, त्याचं बोलणं तपासून बघायची रीत त्यांच्या घरात नव्हती. चारचौघांत त्या म्हणायच्या, वाटा नको मला, नाव तेवढं पाहिजे. ते अर्धंच खरं होतं. वाटाही हवा होता. पण त्याहून हवं होतं ते एवढंच, की बाच्या कागदावर आपण त्याची मुलगी म्हणून असावं. जमीन गेली की तो कागदच संपणार होता.

दुसऱ्या दिवशी दोघी तालुक्याच्या कचेरीत गेल्या. समाधान नावाचा कारकून होता, तरुण, बोलायला मऊ. दोन तास बसवून त्यानं जुनी वारसाची फाइल शोधून आणली आणि धूळ झटकली. "वाचा आजी. फोटो काढा हवं तर."

योगिनी वाचायला लागली. "मयतास एकच मुलगा, उद्धव. मयतास मुलगी नाही. सबब..."

"चूक न्हाई ही," सावित्रीबाई हळूच म्हणाल्या. "गाळलं न्हाई कुणी. मुलगी न्हाई, असं लिवलंय." मग त्या म्हणाल्या, "खालचं वाच."

"काय?"

"साक्षीदार. तूच शिकवलंस ना."

खाली पंचांची नावं होती. पंच क्रमांक एक, गावचा कोणी. पंच क्रमांक दोन, सावित्रीबाई गणपत, राहणार चिंचवड. शेजारी अंगठा होता. निळ्या शाईत, मधून तिरकी पांढरी रेघ.

योगिनीनं सासूकडे पाहिलं. सावित्रीबाईंनी आपला अंगठा उताणा करून कागदाशेजारी धरला होता.

त्या वर्षीची भाऊबीज त्यांना जशीच्या तशी आठवली. चिंचवडच्या दोन खोल्या. उद्धव आला, जेवला, ओवाळून घेतलं. मग खिशातून शाईचा पॅड काढला. "आक्का, हिथं अंगठा दे. हिरीवरच्या मोटरचं काम हाय, घरचं मानूस साक्षीला लागतंय." त्यांनी अंगठा दिला. त्यानं आपल्या रुमालानं तो पुसून दिला होता, नखाच्या कडेपर्यंत, हळूहळू. किती माया म्हणून त्या शेजारणीला सांगत राहिल्या होत्या.

आणि कचेरीला कळायचं तरी कसं? कागदावर नवऱ्याचं नाव होतं, आणि माहेरी त्या शालन होत्या. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्यानं अंगठीनं सावित्री लिहिलं, आणि शालन तिथंच संपली. मयताला शालन नावाची मुलगी नाही, हे सावित्री नावाच्या कोणा बाईनं सांगितलं, एवढंच कागदाला ठाऊक.

"हरकत घेता येईल," समाधान म्हणाला. "पण आजी, ह्यात तुम्हीच सांगितलंय की मुलगी नाही. मी काय लिहू?"

"पेन दे. मी लिवते."

त्यांनी एक एक अक्षर काढलं. रांगेतला मागचा माणूस वैतागून गेला तरी थांबल्या नाहीत. 'पंच क्रमांक दोन हीच मयताची मुलगी आहे. तेव्हा मला वाचता येत नव्हतं.' खाली लिहिलं, शालन. मग कंसात सावित्री.

समाधाननं वाचलं. मग अर्जावर शिक्का मारून त्यानं पोच दिली. "शेजारी अंगठाही द्या, पडताळणीला. पण आधारवर सावित्री आहे. शालन आणि सावित्री एकच, ह्याला पुरावा लागेल. शाळेचा दाखला?"

"शाळेत कोन घालतंय."

"मग माहेरच्या जुन्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा. तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कोणी. सुनावणीच्या आत."

"आता येकच उरलंय तसं," सावित्रीबाई म्हणाल्या. त्यांनी अंगठा उठवल्यावर समाधाननं शाई पुसायला कागद पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

बाहेर रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या आणि कांद्याचे ट्रक एकमेकांना अडवून उभे होते. योगिनीनं रिक्षाला हात केला. "घरी जायचं ना, आई? वकिलाचं मी बघते."

"न्हाई. उद्धवाकडं."

"ते देतील असं वाटतंय तुम्हाला?"

"न्हाई देनार." सावित्रीबाई रिक्षात बसल्या. शाईचा अंगठा लुगड्याला लागू नये म्हणून त्यांनी तो बाजूला धरला होता. "पन मी त्याची साक्ष दिली व्हती. माझी दे, म्हनून त्याच्या दारात मागायची हाय. न्हाई म्हनायचं तर तोंडानं म्हनू दे, मला बघून."

रिक्षावाल्यानं विचारलं, गावात कोणाकडं. त्यांनी भावाचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.