आत्याचे अडीच फूट

घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरला कागदावर स्वतःचं दार मिळालं. पंधरा इंचांचं, आत दिव्यासकट.

घडी बाहेर, कडा आत.

ऐन उन्हाळ्यात एक सत्तरीची बाई पुरुषी लोकरी कोट घालून पाव आणायला गेली. दुकानदाराने काही विचारलं नाही. मागच्या गिऱ्हाइकाने विचारलं.

नऊ काळ्या पिशव्या, तोंडाला गाठी.

एकदा फळी कापली की मग कोणाचं काही चालत नाही.

"रिकामं म्हणजे? अगदी रिकामं?"

*

आत्या इस्पितळाच्या लिनन खोलीत एकतीस वर्षं होती. चादरी, अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिथला कायदा तीनाचा: एक खाटेवर, एक धुण्यात, एक फळीवर. चौथा नग दिसला की तो कुणाच्या तरी वाटणीचा चोरलेला, असं ती मानायची. घडी बाहेर, कडा आत, म्हणजे दारातूनच नग मोजता येतात. धुऊन आलेलं खाली सारायचं, वरचं आधी काढायचं. निवृत्त होऊन ती भाच्याच्या घरी राहायला आली, त्याला अकरा वर्षं झाली होती. पण हाताची सवय निवृत्त झाली नव्हती. तिचे स्वतःचे कपडे तीन जोड. हिवाळ्याचे वेगळे तीन. बस.

ते ती आपल्या लोखंडी कपाटात ठेवायची. कपाट बोळात उभं होतं, उघडताना कुरकुरायचं, आणि त्याची किल्ली तिच्याकडे होती. अर्धंअधिक रिकामंच असायचं ते, पण त्याचं दार लावलं की लागायचं.

आणि मग भाचेसुनेने टेपवालीला बोलावलं.

टेपवाली म्हणजे घर लावून देणारी बाई. माप घ्यायचं, आराखडा काढायचा, आपल्याच कारखान्यातून कपाटं करून आणायची, बसवायची, हा तिचा धंदा. कमरेला टेप, कानावर पेन्सिल, आणि बोलणं असं की समोरच्याला आपल्याच घरात चोर असल्यासारखं वाटावं. बोळाची चौदा फुटांची भिंत तिने एका नजरेत तोलली.

"इथे सलग कपाट. जमिनीपासून छतापर्यंत. जुनं सगळं जाईल."

"हे लोखंडीही?" आत्याने विचारलं.

"मावशी, ते तर सगळ्यात आधी."

पण त्याआधी निवड करायची होती. नियम सोपा: जे वर्षभरात वापरलं नाही, ते काळ्या पिशवीत. उरेल ते मोजायचं, आणि ज्याचं जेवढं सामान, त्याला तेवढी जागा.

"म्हणजे भांडणच नको," टेपवाली म्हणाली. "टेप कुणाचीच बाजू घेत नाही."

आता इथे आत्याची चूक झाली, आणि ती चूक तिच्याशिवाय दुसरं कुणी करूच शकलं नसतं. 'काढून टाका' हे शब्द ऐकले आणि तिच्या अंगात एकतीस वर्षं संचारली. बाकीचे एकेका शर्टाशी घुटमळत होते. भाचा म्हणत होता, "हा कोट होईल मला, जरा बारीक झालो की." भाचेसून पिशवीत टाकलेली जांभळी टिकल्यांची जाकिटं पाठ फिरली की परत काढत होती, आणि टेपवाली ती पुन्हा आत टाकत होती. आत्याने मात्र वीस मिनिटांत स्वतःचं कपाट साफ केलं. हिवाळ्याच्या तीनातले दोन जोड गेले, जुनी शाल गेली, दोन चांगल्या पेट्या गेल्या. वर भाच्याचा कोट पिशवीत टाकून त्याला टोमणा: "बारीक तू होणार नाहीस, कोट तरी कशाला वाट बघत ताटकळत ठेवतोस!"

टेपवालीने टाळ्या वाजवल्या. "बघा! मावशींकडून शिका!"

आत्याची कळी खुलली. स्तुतीला माणूस कधी म्हातारं होत नाही.

*

आठ दिवसांनी आराखडा आला. भाचेसुनेने तो जेवणाच्या टेबलावर पसरला.

भाचेसून: साडेचार फूट.
भाचा: साडेतीन.
भिंगरी (ही त्यांची अकरा वर्षांची मुलगी, घरात कधी एका जागी सापडायची नाही): तीन.
पाहुण्यांच्या गाद्या: दीड.
व्हॅक्यूम क्लीनर: सव्वा फूट. स्वतंत्र दार, आत दिवा.
आत्या: एक खण. पाहुण्यांच्या गाद्यांखाली.

आत्याने कागद चष्म्याजवळ धरला, मग लांब धरला. दोन्ही अंतरांवरून खणच दिसत होता.

"याला दिवा कशाला?" तिने व्हॅक्यूम क्लीनरवर बोट ठेवलं.

"अंधारात वायर सापडत नाही ना, आत्या," भाचेसून म्हणाली.

"आणि मला अंधारात सगळं सापडतं."

"आत्या, तुमचं सामानच एकोणीस इंच भरलं. मी स्वतः टेप धरली होती. मोठा खण आहे, अलगद बंद होणारा. आवाजसुद्धा येत नाही!"

"किल्ली?"

"खणाला कुठे किल्ली असते?"

भाचा मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "आत्या, तुला काय कमी पडतंय सांग. काय ठेवायचं राहिलं त्यात?"

आत्याला उत्तर सुचलं नाही असं नाही. लिनन खोलीत एक फळी कायम रिकामी ठेवलेली असायची. एकाच वेळी चाळीस माणसं जखमी होऊन आली तर त्यांच्यासाठी. त्या फळीवर नुसता रुमाल ठेवणाऱ्यालाही आत्या फैलावर घ्यायची. हे सांगता आलं असतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. पण तिला ते सांगायचं नव्हतं. चाळीस जखमी माणसं पुढे करून जागा मागायची म्हणजे पुन्हा दुसऱ्यासाठीच मागायची. तिला स्वतःसाठी हवी होती. उभी, दाराची, किल्लीची. लोखंडी कपाटाला सोमवारी भंगारवाला येणार होता, आणि त्यानंतर या घरात तिला बंद करता येईल असं एकही दार उरणार नव्हतं, न्हाणीघराचं सोडून.

"म्हणजे मी पसारा केला असता तर मला चार फूट मिळाले असते," ती म्हणाली. "शहाण्यासारखी वागले म्हणून खण."

"असं कसं बोलतेस, आत्या!"

"टेप लावून बोलतेय."

"मंगळवारी फळ्या कापणार आहेत," भाचेसून जरा घाईने म्हणाली. "आता बदलायचं म्हणजे सगळंच बदलावं लागेल."

"फळ्या कापायला अजून चार दिवस आहेत ना?" आत्या उठली. "मग झालं तर."

*

नऊ काळ्या पिशव्या दाराशी उभ्या होत्या. दान करायच्या होत्या, पण न्यायला कुणाला सवड नव्हती. आत्याने पहिल्या पिशवीची गाठ सोडली.

शुक्रवारी सकाळी ती भाच्याचा लोकरी कोट घालून पाव आणायला गेली. बाह्या बोटांच्या खाली चार इंच. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. मागच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "बाई, बरं नाही का?"

"बरं आहे. वापरतेय."

दुपारी जाकीट बदललं. जांभळं, टिकल्यांचं. त्यात ती भांडी घासायला उभी राहिली, तेव्हा साऱ्या भिंतीवर टिकल्यांचे कवडसे नाचले. भिंगरी खुर्चीवर चढून टाळ्या पिटायला लागली.

"आजी, तू डिस्को दिसतेस!"

"दिसेन नाहीतर काय. तुझे ते आखूड बूट कुठल्या पिशवीत आहेत?"

"तुला नाही होणार."

"घालायचे नाहीत गं. हातात धरून फिरणार आहे. तोही वापरच."

शनिवारी भाचेसुनेची मैत्रीण आली, तेव्हा आत्याने भाच्याचा कॉलेजातला गळपट्टा, तीन टोप्या एकावर एक आणि पोहण्याचा चष्मा लावून चहा पुढे केला. मैत्रीण गेल्यावर भाचेसून स्वयंपाकघरात आली. ओठ पांढरे पडले होते.

"आत्या, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारीकडे कपडे बरेच आहेत."

"ते माझे टाकलेले कपडे आहेत!"

"टाकलेले. बरोबर. मी उचलले. आता ते कुणाचे?"

रात्री जेवताना भाच्याने समजावून पाहिलं. आधी प्रेमाने, मग आवाज चढवून, मग पुन्हा प्रेमाने. "तू लहान मुलासारखी का वागतेस?"

आत्याने टोप्यांखालून त्याच्याकडे पाहिलं. "लहान मुलीला तीन फूट मिळालेत," ती म्हणाली, आणि भात वाढून घेतला.

*

सोमवारी सकाळी भंगारवाला कपाट घेऊन गेला. दुपारी टेपवाली शेवटची सही घ्यायला आली. बोळात, लोखंडी कपाटाच्या रिकाम्या चौकोनावर, आत्या स्टुलावर बसली होती. कोट, जाकीट, टोप्या, सगळं चढवून. घामाची धार हनुवटीवरून टपकत होती. पाठीमागे पिशव्यांतलं सगळं सामान घड्या घालून रचलेलं. घडी बाहेर, कडा आत. एकेक चळत कमरेएवढी.

"मोजा," आत्या म्हणाली.

"मावशी, हे तर काढून टाकलेलं..."

"जे वापरात आहे ते मोजायचं, हा नियम तुमचा. मी चार दिवस वापरतेय. साक्षीदार आहेत. पाववाल्याला विचारा."

टेपवालीने भाचेसुनेकडे पाहिलं. भाचेसुनेने भाच्याकडे. भाच्याने छताकडे. टेपवालीच्या गालाला जरा सुरकुती पडली, पण धंद्याचं तोंड तिने मोडू दिलं नाही. कमरेची टेप काढली आणि गुडघ्यावर बसली.

"पाच फूट चार इंच," ती म्हणाली.

"काय?" भाचा ओरडला. "माझ्यापेक्षा जास्त?"

"टेप कुणाचीच बाजू घेत नाही," आत्या म्हणाली. मग तिने हात पुढे करून टेपवालीच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. आराखडा मांडीवर घेतला आणि गाद्यांच्या डाव्या रेघेपासून व्हॅक्यूम क्लीनरच्या उजव्या रेघेपर्यंत हात फिरवला. "मी हावरट नाही. यातले अडीच फूट द्या. गाद्या माळ्यावर जातील. यंत्र दारामागे उभं राहील, त्याला काय पाय दुखतात? दार जमिनीपासून छतापर्यंत. कुलूप. किल्ली एकच."

"आत फळ्या किती?" टेपवालीने विचारलं.

"एक दांडी. बाकी काही नको."

सही भाचेसुनेने केली. नावाखाली इतकी जोरात रेघ मारली की कागद फाटला. आत्याने कोट काढला आणि पंख्याखाली जाऊन उभी राहिली.

*

कपाट बसलं. त्याच संध्याकाळी आत्याने नऊच्या नऊ पिशव्या पुन्हा भरल्या, गाठी मारल्या, रिक्षा बोलावली आणि स्वतः जाऊन देऊन आली. परतल्यावर तिने तीन जोड आणि हिवाळ्याचा एक, असे चारही खणात ठेवले. तो खण टेपवालीने गंमत म्हणून ठेवूनच दिला होता, फक्त आता भिंगरीच्या भागाखाली. मग तिने आपलं दार उघडलं. भाचा मागे येऊन उभा राहिला.

"यात काय ठेवणार?"

"काही नाही."

"रिकामं म्हणजे? अगदी रिकामं?"

"दांडी आहे."

"आत्या, ही सरळसरळ फसवणूक आहे!"

"हो," आत्या म्हणाली.

भाचेसून आली आणि पाहून गेली. चौथ्या दिवशी ती प्रवासाची पेटी ओढत बोळात आली. "आत्या, फक्त दोन दिवस. शनिवारी काढते."

"नाही."

"एक दिवस?"

"नाही गं."

"अहो, नुसती हवा तर आहे आत!"

"ती माझी आहे," आत्या म्हणाली, आणि किल्ली फिरवली. भाचेसुनेला हसू आलं की राग, ते तिचं तिलाच कळलं नाही; पेटी तिने आपल्या साडेचार फुटांत कोंबली, आणि दार काही तिचं नीट लागेना. आत्याने एका खांद्याने ते लावून दिलं.

हे सगळं सुरू झालं, टेपवाली पहिल्यांदा माप घ्यायला आली, तो बुधवार होता, आणि घराचं दार तिला आत्यानेच उघडलं होतं.