बारा शिक्के

सिद्धेशला कुठलीही गोष्ट अनुक्रमाने करायची भारी हौस. शेतं बघत फिरायच्या सहलीचा एक नकाशा, त्यावर शेतं बारा, प्रत्येक शेतावर एक शिक्का, बारा शिक्के पुरे झाले की मधाची बाटली बक्षीस. गाईड नाही, बस नाही, आपली गाडी आपणच हाकायची. माणसाने हवं तिथे रमावं म्हणून काढलेला तो नकाशा. पण अमेरिकेतल्या रेडमंडहून दोन तास गाडी चालवत आलेल्या या गृहस्थाने प्रत्येक शेताला पस्तीस मिनिटं वाटून दिली होती.

शेजारी बसलेल्या आसावरीच्या पर्समध्ये चार दिवसांपासून एक ई-मेल छापून ठेवलेली होती. कोल्हापूरकडच्या दूध संघातून तिच्या साहेबांनी, गुरुनाथ सरांनी लिहिलं होतं, 'बिनपगारी रजा एक ऑक्टोबरला संपते. हजर होताय की राजीनामा देताय, सोमवारपर्यंत कळवा.' आज शनिवार. लग्नाआधी सहा वर्षं तिने संघाच्या चीज विभागात काढली होती. इथे ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर बायकोने नोकरी करायची नाही. ग्रीन कार्ड या वर्षी होईलच, असं सिद्धेशने पहिल्या वर्षी सांगितलं आणि दुसऱ्याही. जावं तर संसार मोडल्यासारखा, राहावं तर आपणच मोडल्यासारखं. तिला जायचं होतं. ते त्याला सांगायची भीती वाटत होती, एवढंच.

पहिल्या शेतावर सफरचंदं तोडताना तिने तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "आसू, एक फोटो काढ ना." दुसरीकडे मक्याची कणसं निवडण्यात वेळ गेला. तिसरीकडे शिक्का मारणारी बाई जेवायला गेलेली, म्हणून हा तिथे येरझारा घालत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, तसं चाललं होतं तिचं.

चौथा थांबा शेळ्यांच्या चीजचा. पाहुण्यांनी मोठ्या काचेबाहेर उभं राहायचं, आत मालकीणबाई एकट्याच काम करत होत्या. वय साठीचं, नाव मार्ज. काचेला आठदहा माणसं चिकटलेली, त्यांना दही कापताना बघायचं होतं. मार्जबाईंनी घाईघाईने दह्यात सुरी बोटभर खुपसून वर उचलली. चिरेत निवळी, म्हणजे दह्याचं पाणी, साचलं ते पांढुरकं, दुधाळ. आणि बाईंनी तरीही दही कापायची तारांची चौकट हातात घेतली.

आसावरीने काचेवर टकटक केलं. आपण काय करतोय हे तिला टकटक झाल्यावर कळलं.

मार्जबाई दार उघडून कपाळाला आठ्या घालून उभ्या राहिल्या. "अजून कच्चं आहे," आसावरी इंग्रजीत म्हणाली. "दहा मिनिटं थांबा, नाहीतर निम्मं निवळीत जाईल."

बाईंनी मागे जाऊन पुन्हा सुरी घातली, चिरेकडे वाकून बघितलं आणि हसल्या. "लोक वाट बघतायत म्हणून मी घाई केली. तुम्हाला येतं का हे?"

आसावरीचे हात शिवशिवायला लागले होते. बाईंनी एप्रन पुढे केला, डोक्याला जाळी दिली, हात कोपरापर्यंत धुवायला लावले. दहा मिनिटांनी निवळी पाण्यासारखी स्वच्छ आली. मग चौकट आसावरीने चालवली, उभी, आडवी, सावकाश. दोन वर्षांत इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि त्याचा तिला रागही आला.

काचेबाहेर सिद्धेश घड्याळ बघत होता. शेवटी दारात येऊन म्हणाला, "आसू, आठ स्टॉप्स बाकी आहेत यार."

"तुम्ही काय करता?" मार्जबाईंनी तिला विचारलं.

"ती सध्या घरीच असते," सिद्धेशने हौसेने इंग्रजीत सांगून टाकलं. "ग्रीन कार्ड झालं की बघू."

"मी चीज विभागात नोकरी करते," आसावरी दह्यावरची नजर न काढता म्हणाली. "रजेवर आहे."

गाडीत बसल्यावर सिद्धेशने किल्ली फिरवली नाही. मांडीवर नकाशा होता, त्यावर चार शिक्के.

"रजा कधी संपते?" त्याने विचारलं.

तिने पर्समधला कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला.

"चार दिवस मला सांगितलं नाहीस."

"तू दोन वर्षं विचारलं नाहीस."

बाहेर एक शेळी कुंपणावर पुढचे पाय टेकून या दोघांकडे बघत होती.

"तिकिटं किती बुक करू?" कागद परत देत त्याने विचारलं. "एक की दोन?"

चार दिवस तिने मनात सगळी भांडणं भांडून ठेवली होती, पण हा प्रश्न त्यात नव्हता. तिला रडू आलं. हातांना अजून दुधाचा वास येत होता.

"माझं एक नक्की कर," ती म्हणाली. "दुसऱ्या तिकिटाचं तुझं तू ठरव. नकाशावरच्या शेतांसारखा नंबर मी घालून देणार नाही."

सिद्धेशने नकाशा घडी न घालताच मागच्या सीटवर टाकला. पाचव्या थांब्याला कुठे वळायचं ते त्याने विचारलं नाही, आणि गाडीही बराच वेळ सुरू केली नाही.