पानांची चमक

झाड गेल्यात जमा आहे हे घड्याळजीला कळलं ते एका मंगळवारी, नर्सरीत. बायको जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. तिचं रबराचं झाड घरात खिडकीशी होतं, दारापेक्षा उंच. त्याची एक फांदी लेकीच्या नव्या घरी लावायची, असं तिने अंथरुणावरून बजावलं होतं. त्या फांदीसाठी कुंडी घ्यायला तो गेला आणि झाड कसं तजेलदार झालंय ते दाखवायला एक पान कागदात गुंडाळून घेऊन गेला.

नर्सरीवालीने पानाला बोट लावलं. बोट चिकटलं. तिने पान उलटं केलं. मधल्या शिरेला पिठासारखं पांढरं काहीतरी बिलगलं होतं.

"काका, ही चमक पानाची नाही. हे पिठ्या ढेकूण. झाडाचा रस पितात आणि चिकटा खालच्या पानांवर सांडतात. लोकांची घड्याळं डोळ्याला भिंग लावून बघता, आणि घरचं झाड नाही बघितलंत?"

"घड्याळ बिघडलं की बंद पडतं, बाई. हे तर रोज जास्तच चमकत होतं."

खत किती घालता, तिने विचारलं. बायको महिन्याला चमचाभर घालायची. हा दर आठवड्याला घालत होता, झाड उपाशी नको म्हणून. जास्त खताने पालवी लुसलुशीत होते आणि किड्यांना तीच आवडते, ती म्हणाली. त्या गोड चिकट्यासाठी खोडावर मुंग्यांची रांग लागली तेव्हाही त्याला काही वाटलं नव्हतं. नर्सरीवालीने उपाय सांगितला. स्पिरिटच्या कापसाने एकेक पान पुसायचं. मग कुंडी रिकामी करून मुळं धुवायची, कारण काही जातीचे किडे तिथेही दडून बसतात. जुनी माती टाकून द्यायची. तोवर फांदी कापायची नाही, नाहीतर लेकीच्या घरी कीड पाठवल्यासारखं होईल.

घरी येऊन त्याने भिंग लावलं. देठांवरचे तपकिरी ठिपके तो झाडाचेच समजत होता. एकावर नख लावलं तर तो सुटून आला. तीही कीडच होती, खवल्यासारखी चिकटून बसलेली.

बायको दर रविवारी स्टुलावर बसून कापसाने पानं पुसायची. झाडाचे लाड पुरे, कधी मलाही पूस, असं तो म्हणायचा. तुम्हाला कीड लागली की बघू, असं ती पाठमोरीच म्हणायची.

बारा दिवस त्याने दुपारी दुकान बंद ठेवलं. केसाएवढ्या स्प्रिंगा उचलायच्या चिमट्याने किडे वेचले, प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पुसलं. अकरा पानं गळली. शेंड्याचा नवा कोंब मात्र स्वच्छ निघाला.

लेकीला तो फोनवर सांगत आला होता, आईपेक्षा माझ्याच हाताला झाड जास्त मानतंय. आता खरं सांगावं लागलं.

"बाबा, आई कशाला पुसायची ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"पुसताना बघायचो. कशाला ते कधी विचारलं नाही."

 लेक म्हणाली, फांदीसाठी मी थांबेन, पण मुळांचं तेवढं करून टाका.

ती माती बायकोने गॅलरीत स्वतः चाळून भरली होती. त्यानंतर उभं राहून काही करणं तिला जमलं नाही. रविवारी त्याने जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, कुंडी कलती केली आणि परत सरळ ठेवली.

पानं झाली, देठ झाले. माती काढायची राहिली आहे.