घरात दोन बालाजी

नातू तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, म्हणून आमची सून शिल्पा त्याला लातूरला देविका मॅडमकडं घेऊन निघाली. मुलांना बोलायला शिकवायचं काम करतात त्या. मीही गेले. मोठ्या बाईनं घरी बसावं आणि सगळं सुनेनं सांगावं, हे आमच्यात चालत नाही.

कानाची तपासणी आधीच झाली होती. कान खणखणीत. कुरकुऱ्याचा पुडा शेजारच्या घरात फुटला तरी ह्याला कळतो.

मॅडमनं त्याला सतरंजीवर खेळायला बसवलं आणि मागून हाक मारली, "बालाजी!"

पोरगं गाडी फिरवत राहिलं.

"बालाजी!"

मानसुद्धा हलली नाही.

मॅडमनं वहीत लिहिलं. "नावाला वळत नाही. महिनाभर सराव करा. तरी वळला नाही, तर हैदराबादला मोठ्या तपासण्या कराव्या लागतील."

शिल्पाचे डोळे भरले. घाबरले मीही, पण मी दाखवते का!

"घरी ह्याला नावानं हाक कोण मारतं?" मॅडमनं विचारलं.

शिल्पानं मला कोपरानं ढोसलं.

आता हे परक्या पोरीला कसं सांगायचं? माझ्या दयानंदला लेकरू व्हायला सहा वर्षं लागली. तिरुपतीला नवस बोलला, तो फळला, म्हणून बालाजी नाव ठेवलं. देवाच्या नावाला नको कोण म्हणणार? पण माझ्या मालकाचं नावही बालाजीच. मी चव्वेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. सुनेनं सासऱ्याचं घ्यायचं नाही. आणि दयानंदनं 'ए बालाज्या' म्हणावं, तर बाप ओसरीवरच बसलेला! म्हणून पोराला कोणी सोन्या म्हणतं, कोणी बबड्या. मी 'आरं ए' म्हणते. शेवटी मालकाचं नाव न घेता मीच हे सगळं मॅडमला सांगून टाकलं.

"म्हणजे त्याचं नाव त्यालाच माहीत नाही!" मॅडमनं कपाळाला हात लावला. "आजी, त्याला भरवताना समोर बसा. त्याचं नाव घ्या आणि मग गप्प बसा. मनात दहा मोजा."

"गप बसायचं जमंल मला."

शिल्पाला ठसका लागला. का, ते मी विचारलं नाही.

"पण नाव न्हाई जमायचं."

"आजी, नातवापेक्षा रीत मोठी का?"

कालची पोर! औशाची एसटी सुटेपर्यंत डोकं नुसतं भणभणत होतं. मग एकदम उजाडलं. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं की!

दुसऱ्या दिवशी घास हातात घेऊन मी सुरू केलं, "चुलीवरच्या भाकरीला पापुद्रा आला, बालाजीराव म्हणतात कालवण घाला."

"काय गं?" ओसरीवरून मालक ओरडले.

"तुमाला न्हाई बोलावलं!"

"मपलंच नाव घेतलीस की."

"घेतलं तर घेतलं. नवे नवरदेव लागून गेलात का?"

दिवसाला वीस उखाणे. घरातले ठेवणीतले संपले, मग तूर आली, करडई आली, एसटी आली. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "केवळाबाई, म्हातारपणी नवरा गोड लागू लागला का?"

"तुझ्यावाणी न्हाई माय, मपला पहिल्यापासून गोड हाय!"

पोरगं नुसतं माझ्या तोंडाकडं बघायचं. घास खायचं. बोलायचं नाही.

महिना सरत आला आणि शिल्पाचे वडील रामकिशनराव आले. मालक आणि व्याही जेवायला बसलेले, मी समोर पोराला भरवत होते. सवयीनं बोलून गेले, "हरभऱ्याच्या शेतात घाट्यांचा भार..."

व्याह्यांनी घास ताटात ठेवला आणि कान टवकारले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्याह्यासमोर नवऱ्याचं नाव? घास हातात, तोंड उघडं, शब्द घशात. दहा काय, वीस मोजून झाले असतील.

पोरानं माझी हनुवटी धरली, बंद पडलेल्या इंजिनासारखी दोनदा हलवली आणि शेवटी स्वतःच म्हणालं, "लाजी!"

शिल्पाच्या हातातली वरणाची वाटी पडली.

"ओ!" मालक म्हणाले.

"म्हाताऱ्या, तुमी गप बसा!" मी पोराचे पटापट मुके घेतले. व्याही बघत होते. बघू दे.

लातूरला मॅडमनं पुन्हा मागून हाक मारली, "बालाजी!"

पोरगं गाडी फिरवत राहिलं. शिल्पा पांढरी पडली. मॅडमचा पेन वहीकडं निघाला.

"थांबा!" मी म्हणाले. "नुसत्या नावाला न्हाई वळायचा त्यो. उखाणा घ्या."

"मी?"

"हाव, तुमी. पोरापेक्षा लाज मोठी का?"

मॅडम कानापर्यंत लाल झाल्या. लग्न व्हायचं होतं त्यांचं. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "लातूरच्या डाळीला सोन्याचा रंग..." आणि थांबल्या.

पोरगं गर्रकन वळलं. "लाजी!"

मॅडमनं वहीतलं हैदराबाद खोडलं. शिल्पा आता रडतच होती. मी पोराला कडेवर घेतलं आणि दारातून मॅडमला सांगितलं, "पोराला शिकवा, मारा, काय करायचं ते करा. पण पुढल्या खेपेला मालक संगं येणार हायत. त्यांच्यासमोर हा उखाणा घ्यायचा न्हाई. सांगून ठेवते!"